मागच्या सीटवरून

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली थंडोबा म्हणायची. एक शटर, आत जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा आणि सव्वीस वर्षांचा धंदा. घाई त्याला ठाऊक नव्हती. बायको म्हणायची, "गाडीची कुरकुर तासभर ऐकून घेता, माझ्या पहिल्या वाक्यालाच तुमचे डोळे मिटतात." तो हसायचा आणि डोळे मिटायचा.

एसी कधी चालतो, कधी नाही, अशी तक्रार आली की तो बॉनेटला हात लावत नसे. मागच्या सीटवर जाऊन बसायचा. "रोज चालवता तशी चालवा. मी नाहीच असं समजा."

शनिवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका नवऱ्याला घेऊन आल्या. बाई सत्तरीच्या, नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून गाडी त्याच चालवत.

"चाळीस मिनिटं छान गार," त्या म्हणाल्या. "मग वाराच येईनासा होतो. अर्धा तास गाडी बंद ठेवली की पुन्हा ठणठणीत. तीन गॅरेज झाली. दोघांनी गॅस भरला, तिसऱ्यानं मलाच विश्रांती घ्यायला सांगितलं."

"मुलगा म्हणतो, आईला भास होतात," नवऱ्याने माहिती पुरवली.

"आणि तुम्ही मान डोलावता."

मुलाने गाडी दोनदा लांबवर नेऊन पाहिली होती. एसी एकदाही बंद पडला नव्हता. नसलेले बिघाड दिसणाऱ्या आईच्या हातात स्टिअरिंग नको, असं त्याने ठरवून टाकलं होतं आणि उद्या गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. गाडी गेली की दवाखाना, बँक, बहिणीचं घर, सगळीकडे मुलाच्या सवडीने जायचं. बाईंनी हे एका दमात सांगितलं, रडगाणं न लावता.

थंडोबा मागे बसला. बाईंनी एसीचं बटण सगळ्यात गारवर फिरवलं. पहिल्या चौकात नवऱ्याने पंखा चारावरून एकावर आणला.

"पुन्हा?"

"कानात वारं शिरतं माझ्या."

"मग मी उकडून मरू?"

"गार ठेव ना हवं तेवढं. वारा नको."

पंखा एकावरच राहिला. ही तडजोड जुनी होती, हे थंडोबाला न विचारता कळलं. त्याने घड्याळ पाहिलं.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला जाळीतून येणारा वारा मंदावला, मग थांबला. नवऱ्याने जाळीसमोर तळहात धरला आणि पहिल्यांदाच बायकोकडे नीट पाहिलं.

"कडेला घ्या," थंडोबा म्हणाला. बॉनेट उघडून त्याने जाड नळीवर बोट ठेवलं. नळीवर पांढरा बर्फ धरला होता.

दुकानात परतल्यावर, सगळं वितळू दिल्यावर त्याने डॅशबोर्डखालचा कप्पा काढला आणि आत हात घातला. गार कॉइलमध्ये खोचलेला छोटा सेन्सर निसटून नुसताच लोंबत होता. कॉइल गोठायला लागली की कॉम्प्रेसर थांबवणं हे त्याचं काम.

"हा निसटल्यामुळे यंत्र थांबतच नाही," तो म्हणाला. "पंखा जोरात असला तर निभावतं. हळू असला की कॉइलवर बर्फ धरतो, वाऱ्याची वाटच बंद. मुलगा पंखा कितीवर ठेवतो?"

"फुल्ल," नवरा म्हणाला. "आणि एकटाच चालवतो."

"म्हणजे त्याला कधी दिसणारच नव्हतं. तुम्हा दोघांच्या तहात गाडी गोठली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन लावून त्याच्या हातात दिला. "हे त्याला सांगा. तहाचं सोडून."

थंडोबाला गिऱ्हाइकांच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसायला आवडत नसे. फोन त्याने कानापासून जरा लांब धरला.

"म्हणजे खरंच काही होतं?" मुलाने विचारलं.

"होतं. तुमच्या आई सांगत होत्या अगदी तेच. नवा सेन्सर बसवतोय."

"मग मला का नाही दिसलं?"

थंडोबाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली बघत होता. मग त्यानेच हात पुढे करून फोन घेतला.

"माझ्यामुळे. पंखा मी कमी करत होतो, आणि तुला सांगितलं नाही. तिला भास होतात, हेच सोपं वाटलं मला." मग तो म्हणाला, "उद्या त्या माणसाला येऊ नको म्हणून कळव."

पलीकडून "बरं" आलं.

दीड तासाने बाईंनी गाडी बाहेर काढली. गल्ली अरुंद, समोर टेम्पो उभा. त्यांनी आरशात एकदा पाहिलं आणि कुणाचीही मदत न घेता गाडी उलटी नेत मोठ्या रस्त्याला लावली.