तिकटीवरचे कांदे

आमच्या आक्कानं सहा वर्षं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, आणि त्याला कारण पांढरा कांदा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दिलीय सांगलीजवळ माधवनगरला, आणि मी इकडं कराडच्या बाजूला आमच्या गावी. आई शेतात राबायची तेव्हा मला काखेत मारून वाढवलं ते हिनं. पुढं मी फौजेत गेलो, पेन्शनीत आलो, आणि (मंगलच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या म्हणण्याप्रमाणे) बंदूक खाली ठेवून जीभ उचलली. आक्काच्या नातवाचं जावळ होतं. पंगतीत रश्श्याचा पहिला भुरका मारला आणि चारचौघांत बोलून बसलो, "आक्का, वाटणात पांढरा कांदा घातलास व्हय? आजाऱ्याला पाजायचाय का ह्यो रस्सा?"

पंगत हसली. आक्का नाही हसली. पळी तशीच हातात धरून म्हणाली, "फौजेच्या लंगरात खाऊन खाऊन तुझी जीभ मेलीया, बाळ्या. परत माझ्या पंगतीला बसू नगंस."

मीही ताडकन उठलो, हात धुतले आणि गाडीला किक मारली. झालं! अबोला.

आता ज्यांना कांदा म्हणजे नुसता कांदा वाटतो (असली माणसं जगात आहेत, मी पाहिलीत!) त्यांच्यासाठी सांगतो. हळवा कांदा लालभडक, पाणीदार. तो बारीक चिरून फोडणीला घालायचा, तेलात विरघळून जातो. गरवा कांदा फिक्कट गुलाबी, घट्ट अंगाचा. तो सालीसकट निखाऱ्यात भाजायचा आणि मिरची-खोबऱ्याबरोबर वाटणाला घ्यायचा. पांढरा बुक्कीनं फोडून कच्चा खायचा, वर लिंबू. आई तिन्ही कांद्यांचे तीन ढीग करायची. डावीकडं पांढरा, मधे गरवा, आणि हळवा जरा लांब, कारण तो लवकर नासतो आणि शेजाऱ्यालाही नासवतो. आम्हा दोघांना शिकवलं तिनंच. तरी आक्का वाटणात पांढरा घालते! का? तर म्हणे, "आई घालायची." साफ खोटं!

यंदा चैत्र सरता सरता मंगलनं फोनवर काय जादू केली देव जाणे, आक्का यायला तयार झाली. रविवारी जेवायला. पण निरोप असा, "येते. पर रस्सा धड झाला न्हाई तर पुन्यांदा बोलवू नगा." आईबाप गेले. मला 'बाळ्या' म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलेलं. तेही एका रश्श्यावर टांगलेलं!

शनिवारी सकाळी कराडला निघालो तर मंगल आडवी. "आवं, शनवारची अवस हाय आज. जायाचं तर जावा, पर भर दुपारचं तिकटीवरनं येऊ नगा."

"अगं, मी सीमेवर काळोखात पहारा दिलाय."

"सीमेवर तिकटी नव्हती," मंगल म्हणाली.

आमची तिकटी म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. एक वाट हायवेच्या फाट्याकडं, एक गावात, आणि एक मसणवट्याला. दोन्ही अंगाला डोक्याच्या वर ऊस, मधे एक काळा सपाट दगड. अवसेला त्या दगडावर कोण कोण उतारे आणून ठेवतं. लिंबं, मिरच्या, नारळ, कुंकू. आजारपण उतरवून तिथं टाकायचं आणि मागं न बघता घर गाठायचं. ते कुणी ओलांडत नाही. गावातली कुत्रीसुद्धा तिथलं खात नाहीत.

मंडईत मी कांदे एकेक दाबून, हुंगून घेतले. विकणारी बाई वैतागून म्हणाली, "फौजी, कांदा घेताय का पोरगी बघताय?" तिन्ही तऱ्हांचे कांदे झाले, बेडगी मिरची, सुकं खोबरं, लिंबं झाली, शिवाय आक्काच्या ओटीला खण, नारळ आणि कुंकवाची पुडी. सगळं एकाच पिशवीत कोंबलं. (हळवा आणि गरवा एकत्र! आई असती तर पाठीत धपाटा बसला असता.) स्कूटरच्या मागं दोरीनं आवळलं आणि घरी आलो. मागं वळून बघतो तर दोरी आहे, पिशवी नाही!

"तिकटीजवळच्या खड्ड्यात पडली आसंल," मंगल म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. चार वाजता आना."

चार वाजेपर्यंत पिशवी कोण ठेवतंय! तसाच फिरलो. तिकटीवर पोचलो तेव्हा सावली पायाखाली गेली होती. पाखरू नाही, माणूस नाही. उसाचं एक पान हलत नव्हतं. खड्ड्याजवळ माझी पिशवी पडली होती, फाटलेली आणि पार रिकामी. मी दगडाकडं बघितलं आणि स्कूटरचा ब्रेक आपोआप दाबला गेला.

दगडावर माझे कांदे होते. सांडलेले नव्हते, कुणीतरी मांडलेले होते! तीन ढीग. डावीकडं पांढरा. मधे गरवा. हळवा जरा लांब. समोर मिरच्या देठ एकीकडं करून लावलेल्या. लिंबं ओळीत, आणि त्यांच्यावर कुंकू सांडून सगळी लालभडक. मधोमध खणावर नारळ.

चोर असता तर माल घेऊन गेला असता. कुणी करणी करणारा असता तर त्यानं आपलं सामान आणलं असतं. हे सामान माझं होतं, आणि मांडणी आईची होती. ही मांडणी माहीत असलेलं माणूस त्याच वाटेनं मसणवट्यात नेऊन आम्ही परत आलो होतो, त्याला आता बारा वर्षं झाली.

मी राम म्हणायला गेलो आणि तोंडातून निघालं, "सावधान!"

तेवढ्यात उसात सळसळ झाली. वारा नव्हता, तरी! सळसळ पुढं पुढं यायला लागली, थांबली, आणि आतून हाक आली.

"बाळ्याऽऽ..."

तोच आवाज. आई शेताच्या बांधावरून न्याहारीला बोलवायची, तोच. भर दुपारी तिकटीवर हाक आली तर ओ द्यायची नाही, हे मला तिनंच शिकवलेलं. मी ओठ मिटून घेतले.

"ए बाळ्याऽऽ! थांब की रं!"

उसातून एक हात बाहेर आला. मनगटापर्यंत लाल, आणि मुठीत एक पांढरा कांदा.

यानंतर मी काय केलं याचा अहवाल थोडक्यात देतो. माघार घेतली. स्कूटर तिथंच राहिली, चालू! एक चप्पल मसणवट्याच्या वाटेला गेली, एक माझ्याबरोबर आली. मागून तिसरी हाकही आली. (भूत तिसरी हाक मारत नाही, तिसरी आली म्हणजे माणूस समजावं, हे आईच्या शिकवणीतलं उरलेलं अर्धं मला घरी पोचल्यावर आठवलं.)

"मंगल, आई आलीया! कांदं निवडतीया!" एवढंच बोलून मी सोप्यात आडवा झालो.

मंगलनं मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरची जळून ठसका लागला नाही तर दृष्ट जबरी, असं म्हणतात. आम्हाला ठसका असा लागला की गोठ्यातली म्हसही खोकायला लागली! त्या खोकण्यात मंगलचा फोन वाजला. तिनं कानाला लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"आवं... आक्का हायती."

मी फोन घेतला नाही. ऐकू मात्र सगळं आलं.

"मंगल, मी माघारी चाललीया. म्हटलं एक दीस आधी यावं, वाटण तरी हाताखालनं करून घ्यावं. तिकटीवर ह्याचं कांदं सांडल्यालं दिसलं, तिन्ही तऱ्हांचं बघून वळखलं म्या. गोळा करून, निवडून ठेवलं. उसात गेल्यालं काढाय आत शिरले. तवर ह्यो आला. तीन हाका मारल्या गं! माजं त्वांड दिसू नगं म्हणून गाडी चालू टाकून पळाला! एवढा राग आसंल तर बोलवायचं कशाला?" आणि पुढं आवाज फुटला. आक्का रडत होती. फोन बंद झाला.

भूत बघून बसला नव्हता एवढा हादरा मला तेव्हा बसला. सहा वर्षांनी ती माझ्यासाठी एक दिवस आधी आली होती, आणि मी!

एका चपलेवर फाट्याकडं सुटलो. तिकटीवरून गेलो, उतारा-बितारा सगळं ओलांडून, इकडं तिकडं न बघता. फाट्यावर सांगलीची एसटी उभी, आणि आक्का पायरीवर चढत होती.

"आक्काऽऽ!"

तिनं वळून बघितलं नाही.

"आक्काऽऽ! थांब की गं!"

एक पाय वर, एक खाली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, चढताय का उतरताय?"

मला दम पुरेना. सगळी गाडी खिडकीतून बघत होती. तरी बोंबललो, "आक्का, म्या तुला बघून न्हाई गं पळालो! मला वाटलं आई आली!"

ती थांबली. हळूच वळली. हात अजून कुंकवानं लाल होते आणि डोळे पुसल्यामुळं तोंडही लाल झालं होतं. खरं सांगतो, तेव्हाही मी एक पाऊल मागं सरलोच.

"आई आली वाटलं," आक्का म्हणाली, "आनि पळालास? आरं मुडद्या, आई आली आसती तर गळ्यात पडायचं सोडून?" आणि खाली उतरून तिनं मला गच्च धरलं, वर पाठीत एक धपाटा घातला. हळवा-गरवा एकत्र कोंबल्याचा! मीही रडलो. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हसत हसत सांगलीला गेली.

येताना तिकटीवरून स्कूटर आणि दगडावरचं सामान घेतलं. घरी मंगल दारात आडवी. "आक्का, तुमी या. पर अवसेचं, तिकटीवरचं सामान उंबऱ्याच्या आत न्हाई."

"मी बी तिकटीवरनंच आलीया," आक्का म्हणाली. "मला बी भाईरच ठेव मग."

सामान आत गेलं. रविवारी मी गरवा निखाऱ्यात भाजला. माझी पाठ वळल्यावर आक्कानं त्यात दोन पांढरे सरकवले, ते मी पाहिलं आणि गप्प राहिलो. रश्श्याचा पहिला भुरका मारला आणि घास तिथंच थांबला. तीच चव! आईच्या हातची. म्हणजे आई घालायची. म्हणजे सहा वर्षं मी...

पण जित्याची खोड. "आक्का," मी म्हणालो, "सगळं झ्याक झालंय, फकस्त पांढरा जरा जास्तच..."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग आत पाणी आणायला गेलेल्या आक्कानं अंधाऱ्या माजघरातून, लांबवून, हळूच हाक दिली, "बाळ्याऽऽ..."

तेव्हापासून मंगलच्या हाती शस्त्र लागलंय. मी ताटात काही खोट काढायला तोंड उघडलं की ती चुलीपासून न हलता तशीच हाक देते, आणि सीमेवर एक पाऊल मागं न सरलेला हा गडी मान खाली घालून समोरचं ताट चाटूनपुसून साफ करतो.