मेयरच्या बारोंगाची बाही

रेस्तितुता आस्वांग आहे, ही बातमी मला मासळीवाल्या पुरिंगने दिली. माशाचं डोकं उडवता उडवता, आवाज खाली आणून. आस्वांग म्हणजे दिवसा तुमच्याआमच्यासारखी बाई आणि अंधार पडला की माणसाचं काळीज शोधत फिरणारी.

"सान इसिद्रोच्या जत्रेत तिने मेयरकडे नुसतं पाहिलं हो, नोंग आम्बो. नुसतं पाहिलं! आणि त्याच्या बारोंगाची बाही भडकली. काडी नाही, काही नाही. डोळ्यांनी!"

"मग तुझे मासे ने की तिच्यासमोर. भाजून तरी मिळतील."

पुरिंग मला मानोंग, म्हणजे दादा, म्हणते, घाईत नुसतं नोंग, आणि एरवी माझ्या फालतू विनोदांना सुद्धा हसते. त्या दिवशी हसली नाही. तिने मूठभर जाडं मीठ घेऊन आपल्या ठेल्याभोवती टाकलं, आणि पुरिंग मीठ फुकट घालवते म्हणजे प्रकरण गंभीर. पुरिंगने सकाळी सांगितलेलं दुपारी नदीपलीकडे पोचतं. दुसऱ्या दिवशी रेस्तितुताकडे धाग्याला गाठी मारायला शिकणाऱ्या तिन्ही पोरी आल्या नाहीत. त्यांच्या आयांनी पोरींच्या गळ्यात लसूण बांधला होता.

आता ही रेस्तितुता कोण, ते आधी सांगतो. मी तिला ती नऊ वर्षांची असल्यापासून ओळखतो. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तिने माझ्या पाठीत फुटकी बशी मारली होती. बशी तिच्या आईची, अननसाची पानं खरवडायची. आमच्याकडे फुटक्या चिनी बशीला अख्ख्या बशीपेक्षा जास्त मान. तिच्या धारेने पान खरवडलं की आतून धागा सुटतो, केसाहून बारीक. हातभर लांबीचा. त्याच्या टोकाला दुसरा बांधायचा, दुसऱ्याच्या टोकाला तिसरा. गाठ डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. एका बारोंगाच्या कापडात अशा हजारो गाठी. आणि बारोंग म्हणजे आमच्या पुरुषांचा तो पारदर्शक, पँटवर मोकळा सोडायचा सदरा, ज्यात लग्नात नवरदेव देखणा दिसतो आणि निवडणुकीत चोरसुद्धा.

हा धागा श्वासाने उडतो. म्हणून रेस्तितुता खिडक्या लावून विणते. एप्रिलमध्ये सुद्धा. सुनेने इलोइलोहून पंखा आणला, तो हिने कोंबड्यांच्या खुराड्यात लावला. तिचा नवरा क्रिस्पुलो शिंक आली की नदीवर पळत जायचा. लोक म्हणायचे, काय प्रेमळ माणूस, बायकोच्या कामाची किती काळजी. काळजी कसली! एकदा घरात शिंकला होता, तेव्हा बाईने त्याला दोन दिवस अंगणात जेवायला वाढलं.

तर अशी ही बाई. बारा महिने रागावलेली. वाऱ्यावर रागावलेली, मांजरांवर रागावलेली, आणि माझ्यावर तर जन्मापासून. पण दिवसाला वीत-दीड वीत कापड विणायची, आणि ते हातात घेतलं की वाटायचं, हातात काहीच नाही. पन्नास वर्षं मी तिचं कापड शिवलं. डोळे मिटून सांगेन, कुठलं तिचं आणि कुठलं तिच्या बहिणीचं. तिची गाठ किंचित डावीकडे झुकते.

आता मॅडम हर्मिनिया. चौकात दुकान, दारात कुंड्यांमधून अननस, आत एसी. पूर्वी ती रेस्तितुताचं कापड घ्यायची. गेल्या वर्षी बंद केलं. "गिऱ्हाईक नाही हो, मानांग," म्हणाली; मानांग म्हणजे ताई. पण त्याआधी तिने मनिलाहून एक फोटोवाला आणला होता. त्याने रेस्तितुताला मागापाशी बसवून दोन तास "हसा ना, हसा ना" केलं. शेवटी ती हसली, कारण तो मागे सरकता सरकता डुकराच्या गव्हाणीत बसला. तो फोटो फार सुंदर आला होता. तो मी पुढे पाहिला, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर, खाली छापलेलं: हिच्या हातांनी विणलेलं.

मेयरचा बारोंग शिवायला मॅडमने कापड माझ्याकडे पाठवलं, तेव्हा ती चिठ्ठी त्याला सुतळीने बांधलेली होती. मी तो बारोंग शिवला. एवढंच आत्ता सांगतो.

सान इसिद्रोच्या दिवशी मंडप, बँड, केळीच्या गाभ्याबरोबर शिजवलेली कोंबडी, सगळं यथास्थित. व्यासपीठावर संताची मूर्ती, तिच्यापुढे हाताएवढ्या जाड मेणबत्त्या. मी मागच्या बाजूला सुईदोरा घेऊन उभा, कारण मेयरचं पोट भाषणात फुगतं आणि बटण तुटतं. मेयरने माइक घेतला. म्हणाला, आज आपण आपल्या वाडीच्या एका थोर बाईचा सत्कार करतोय. मानांग रेस्तितुता, वर या!

रेस्तितुता वर गेली. तिला सांगितलं होतं, वाडीतल्या म्हाताऱ्या विणकरणींचा सत्कार आहे. ती चांगला झगा घालून, केसांना तेल लावून आली होती.

"सहा महिने," मेयर म्हणाला, "सहा महिने खपून या माझ्या मावशीने हे कापड विणलं!"

"कुठलं कापड?" ती म्हणाली. माइक तिच्या तोंडाजवळच होता.

"हे काय, माझ्या अंगावरचं!" लोक हसले.

तिने बाही दोन बोटांत धरली. चोळली. मी मागून तिचे खांदे बघत होतो. ते वर चढत गेले.

"गाठी कुठायत?"

"काय म्हणालात?"

"माझ्या कापडाला गाठी असतात. ह्याला एक नाही. हे मी विणलेलं नाही."

मॅडम हर्मिनिया पहिल्या खुर्चीवरून उठून वर आली. एवढ्या जाडजूड बाईला इतकं चपळ मी कधी पाहिलं नव्हतं. "उन्हाने थकल्यात हो आजी. चला, सावलीत बसू."

"मी तुझी आजी नाही. आणि थकलेली तर मुळीच नाही." मग तिला बाहीच्या टोकाला लोंबणारी चिठ्ठी दिसली. मॅडमने ती मुद्दाम फोटोसाठी ठेवलेली. रेस्तितुताने डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, स्वतःला, हसताना. "हा माझा चेहरा आहे," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला की बँडवाल्याने झांजा खाली ठेवल्या. "माझा चेहरा ह्या घाणीवर बांधलात?"

"मानांग, लोक बघतायत," मेयर कुजबुजला. माइक चालू होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बघू देत. मेयर, बाहीच्या आतून एक धागा काढून द्या मला. एक. मेणबत्तीवर धरते. पानाचा असेल तर कागदासारखी राख होईल, आणि मी इथे, संतासमोर, तुमची सगळ्यांची माफी मागेन. चला. एक धागा!"

पुढे काय झालं ते समोरच्या लोकांना दिसलं नाही, कारण त्यांच्या आणि मेयरच्या मधे मॅडमची पाठ होती. त्यांना दिसलं एवढंच: धूर. मेयर किंचाळला. फादरने फुलदाणी उलटी केली. आणि रेस्तितुता जागची न हलता बाहीकडे एकटक बघत उभी. तेवढ्यावरून पुढची आस्वांग तयार झाली. तयार कुणी केली म्हणता? दुसऱ्या दिवशी मॅडमचं दुकान नेहमीपेक्षा तासभर आधी उघडलं, आणि पहिली गिऱ्हाईक पुरिंग होती. मॅडमने तिला फुकट हातरुमाल दिला. पुरिंगला फुकटचं काही मिळालं की ती ते सांगून फेडते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. मॅडमने वाडीच्या कप्तानाकडे, म्हणजे आमच्या सरपंचाकडे, तक्रार दिली. रेस्तितुताने द्वेषाने मेयरला जाळलं, सगळ्यांसमोर माफी मागावी, आणि यापुढे आपलं कापड अननसाचं आहे म्हणून कुठे सांगू नये. उलटं! तिनेच सांगू नये! गुरुवारी सुनावणी लागली.

बुधवारी सकाळी रेस्तितुता माझ्या दुकानात आली. रस्त्याने येताना दोन बायका तिला बघून पलीकडे गेल्या होत्या, त्यामुळे आधीच तापलेली. बसली नाही.

"मानोंग आम्बो. तो बारोंग तुम्ही शिवलात."

"शिवला असेल. जत्रेच्या तोंडाला किती शिवतो मी."

"तुम्ही मागे उभे होतात. तुम्ही पाहिलंत. उद्या सांगा."

"बघ रेस्ती," मी म्हटलं, "आपण म्हातारी माणसं. मी आपला शिंपी. येतं ते कापतो, शिवतो. पानाचं की कशाचं, माझा काय संबंध? कॉफी घेशील?"

मॅडम हर्मिनियाचं काम म्हणजे माझं अर्धं दुकान, हे मी बोललो नाही. तिला माहीत होतं. तिने मान हलवली, वळली, आणि दारात थांबली. ती माझ्या शिवणयंत्राकडे बघत होती. यंत्राच्या चाकावर एक चिंधी लटकत होती. पांढरी, पारदर्शक, तेलाने काळी झालेली.

ती परत आत आली. माझ्या फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा तिने न विचारता खाली काढला. उघडला. आत माझ्या पन्नास वर्षांच्या चिंध्या. बोटभर, नखाएवढ्या, कागदात गुंडाळून, प्रत्येकीवर नाव. खऱ्या अननसी कापडाची चिंधी आमच्या भागातला एकही शिंपी टाकत नाही. कधी कुणाचा बारोंग फाटला तर त्याच विणकरणीच्या चिंधीतून धागा उसवून रफू करतात.

"ह्या इथे माझ्या आईची चिंधी आहे," ती म्हणाली. "कडेला कसर लागली तेव्हा तुम्ही रडलात. माझ्या लग्नाच्या वर्षीची आहे. क्रिस्पुलोच्या कॉलरची आहे." तिने डबा बंद केला आणि चाकावरची चिंधी ओढून माझ्या नाकासमोर धरली. "आणि ह्याने तुम्ही तेल पुसता."

मी डबा उचलून परत फळीवर ठेवला.

"इस्त्री चिकटली असेल ना? पहिल्याच घडीला? कळलं असेल ना तुम्हाला? वरती माझा चेहरा बांधलेला होता, मानोंग! तो चेहरा सोडून तुम्ही बाजूला ठेवलात, कापड कापलंत, उरलेल्याने यंत्र पुसलंत, आणि परत माझा चेहरा बांधून दिलात!"

"रेस्ती..."

"तुम्ही गाढव आहात, मानोंग. मॅडम चोर आहे, चोराचं मला काही वाटत नाही, चोर चोरी करतो. मेयर मूर्ख आहे, त्याला मूर्खपणासाठीच निवडून दिलाय. पण तुम्हाला माझी गाठ बोटाने ओळखू येते. जगात फक्त तुम्हाला येते. आणि तुम्ही गप्प बसलात." तिने डब्याकडे बोट केलं. "मी मेल्यानंतर लोक ती बादलीसारखी चकाकणारी चादर हातात घेऊन म्हणतील, ही रेस्तितुता. ह्या असल्या विणायची. चालेल तुम्हाला?"

चिंधी मुठीत घेऊन ती गेली. दार असं आपटलं की फळीवरचा डबा खाली पडला.

गुरुवारी वाडीच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुरिंग पुढच्या बाकावर, गळ्यात लसूण. मेयर आला नव्हता, हाताला पट्टी बांधून घरी बसला होता. बोटाला हरभऱ्याएवढा फोड होता म्हणे. मॅडम पंख्याखाली. कप्तान सरळ माणूस, पण भित्रा. त्याने विचारलं, "मानांग, तुम्हाला काही म्हणायचंय?"

रेस्तितुता उठली. तिने ती तेलकट चिंधी कप्तानाच्या टेबलावर ठेवली.

"मला काही म्हणायचं नाही. मी आस्वांग आहे, माझं कोण ऐकणार? त्यांना विचारा." आणि माझ्याकडे बोट दाखवून खाली बसली.

मॅडम माझ्याकडे बघून हसली. फार गोड हसली. पुरिंगने लसूण घट्ट धरला.

"नोंग आम्बो," कप्तान म्हणाला, "बाही कशी पेटली?"

मी उभा राहिलो. गंमत करायची सवय आहे मला, जिभेवर दोन-तीन विनोद आलेही. एकही बोललो नाही.

बाही पेटली नाही, असं मी सांगितलं. मॅडम हर्मिनियाने मेयरचा हात ओढला, तो मेणबत्तीला लागला. कापड पॉलिएस्टरचं होतं, म्हणून वितळलं. मॅडमने दिलं, मी शिवलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.