जबाब ठाण्यातच देईन

ते प्रकरण आठवलं की आजही आधी डोळ्यांसमोर येतं ते तिचं ठाण्यात येणं. पोलीस ठाण्यात येणारा माणूस दारातच थबकतो, चप्पल काढू की नको म्हणून पायांकडे पाहतो, आणि सांगितल्याशिवाय बसत नाही. ती आली, माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. सोबतचे वडील उभेच राहिले, तेव्हा तिने त्यांनाही शेजारच्या खुर्चीवर बसवले.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. एका सकाळी माझ्या सरकारी मोबाईलवर कोणीतरी नाव न सांगता खबर दिली. अमुक गावातल्या गिरणीवाल्याची मुलगी दिवसभर लॅपटॉप घेऊन बसते, परराज्यातल्या लोकांना फोन करते आणि फसवते, असे त्याचे म्हणणे. निनावी खबर आम्ही लगेच खरी धरत नाही. पण त्याच सुमारास सायबर शाखेकडूनही एक प्रकरण आमच्याकडे आले होते. एका बाईने ऑनलाइन मागवलेली बेडशीट परत केली. नंतर दुकानाच्या नावाने तिला फोन आला की तुमचा परतावा अडकला आहे, ओटीपी सांगा. तिने सांगितला आणि खाते रिकामे झाले. अशा आणखीही तक्रारी होत्या. बेडशीटच्या व्यापाऱ्याने जबाबात सरळ या मुलीचे नाव दिले होते, कारण त्याचे ऑनलाइन दुकान तीच सांभाळायची.

आमच्या महिला हवालदारांना घेऊन मी गावात गेलो. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागच्या खोलीत टेबल, लॅपटॉप आणि वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून ठेवलेली बॅटरी. मुलगी पदवीधर. लग्न होऊन सासरी गेली आणि थोड्याच दिवसांत परत आली, ती कायमची. अशा मुलीने मान खाली घालून राहावे, अशी गावाची अपेक्षा. ही तर खणखणीत आवाजात फोनवर हिंदी बोलायची. गावाने तिच्याबद्दलचा निकाल आधीच देऊन ठेवला होता. आम्ही आत जाऊन बसेपर्यंत खिडकीशी माणसे जमली.

मी तिला सांगितले की बाईमाणसाचा जबाब घरीच घेता येतो, ठाण्यात यायची सक्ती नाही.

ती म्हणाली, "घरी घेतला तर गाव म्हणंल, कायतरी देऊन मिटवलं. मी जबाब ठाण्यातच देईन. तुमच्या गाडीत न्हाई बसणार, काळी-पिवळी जीपनं येते. अन् लॅपटॉप न्यायचा तर पंचनामा करून, सील लावून न्या. मला पोच द्या. उद्या त्यात काय नवीन निघालं तर ते माझं न्हाई, हे मला सांगता आलं पायजे."

खिडकीतल्याच दोघांना आत बोलावून आम्ही पंच केले. इतका वेळ मजा बघणारे ते दोघे सही करताना गंभीर झाले.

ठाण्यात मी तिच्यावर प्रश्नांची सरबत्ती करायला कमी केले नाही. हे काम कसले, कोणी दिले, गिऱ्हाइकांचे नंबर कोणाला दिसतात, हे उलटसुलट विचारले. तिची उत्तरे फिरली नाहीत. लांबच्या व्यापाऱ्यांची ऑनलाइन दुकाने ती घरून चालवायची. मालाचे फोटो चढवायचे, वर्णन लिहायचे, गिऱ्हाइकांना उत्तरे द्यायची, परत आलेल्या मालाचा निपटारा करायचा. 'घरबसल्या काम' अशी जाहिरात पाहून तालुक्याच्या एका क्लासमध्ये ती हे शिकली. क्लासच्या सरांनीच पहिली कामे मिळवून दिली आणि तिच्या कमाईतला वाटा घेत राहिले. पुढे तिने स्वतःच व्यापारी शोधायला सुरुवात केली आणि वाटा बंद केला.

चौकशीत समोरचा माणूस कशावर चिडतो, हे मी पाहत असे. गुन्हा केलेला माणूस बहुधा आपल्या अब्रूबद्दल आणि वरच्या ओळखींबद्दल बोलतो. ही चिडली होती ते सकाळपासून गिऱ्हाइकांना उत्तरे गेली नाहीत म्हणून. एवढ्याने कोणी निर्दोष ठरत नाही, पण माझे मन तिथे अडकले.

दुपारी गावच्या पुढाऱ्यांचा फोन आला. पोरीकडून माफीनामा लिहून घ्या, लॅपटॉप ठेवून घ्या, बाकीचे आम्ही गावात मिटवतो, असा सल्ला त्यांनी दिला. मी तो तिला जसाच्या तसा सांगितला.

"केलंच न्हाई त्याची माफी काहून मागू?" ती म्हणाली.

वडील पहिल्यांदाच बोलले. हात जोडून त्यांनी तिला सही करून मोकळी हो म्हणून विनवले. ती त्यांच्याकडे वळली, आवाज खाली आला, पण शब्द तेच ठाम. "आबा, आज सही केली की जन्मभर चोर. मग घरात बसून तरी कसं तोंड दाखवू?"

मी तिला जाऊ दिले. पुढाऱ्यांना ते आवडले नाही.

दोनेक दिवसांनी खबर देणाऱ्याचा पुन्हा फोन आला. या वेळी तो उतावीळ होता. अजून अटक का नाही, असे विचारून म्हणाला, "आता तर तिनं पितळी भांड्यांचं दुकान घेतलंय. त्यांनाबी लुटील ती."

बेडशीटचे दुकान आमच्या फेरीनंतर सगळ्या गावाला ठाऊक झाले होते. पितळी भांड्यांचे काम मात्र तिने नुकतेच घेतल्याचे मला तिच्या जबाबातून कळले होते. मी तिच्या घरी गेलो आणि एवढेच विचारले, हे कोणाकोणाला माहीत आहे?

"गावात कुणालाच न्हाई. आबा तर समद्या दुकानांना कंपनीच म्हणत्यात," ती म्हणाली. मग तिला आठवले. "क्लासच्या सरांना सांगितलं होतं. परत माझ्याकडून काम घे म्हणून त्यांचा फोन आलता. मी म्हणलं, माझं मी भांड्यांचं दुकान मिळवलंय."

तिथून धागा हाती लागला. खबरीच्या फोनमधले सिम त्याच क्लासच्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीच्या नावावर निघाले. त्या मुलीने ते सिम कधी पाहिलेही नव्हते. प्रवेश घेताना तिने आधार कार्डाची प्रत तेवढी दिली होती. सायबर शाखेने सांगितले की बेडशीटच्या दुकानाच्या खात्यात क्लासच्या इंटरनेटवरून कोणीतरी शिरत होते. ते काम मिळवून देताना सरांनी खात्यात जाण्याची एक वाट स्वतःसाठी उघडी ठेवली होती.

आम्ही क्लासवर छापा टाकला. भिंतीवर सरांचे सत्काराचे फोटो. 'मी मुलींना पायावर उभे केले, त्याचे हे फळ,' असे ते बराच वेळ ऐकवत राहिले. टेबलाच्या खणातून निघालेली सिम कार्डे मी त्यांच्यासमोर मांडली, प्रत्येक वेगळ्या मुलीच्या नावावर. त्यांनी पाणी मागितले. पाणी पिऊन मात्र सगळे सांगितले. माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकांचे नंबर दुकानाच्या खात्यातून काढून ते याच सिमवरून ओटीपी मागत. ही मुलगी हातातून सुटली होती, बाकीच्या तिला विचारून सुटू पाहत होत्या. फसवणुकीचा आळ तिच्यावर गेला की आपण वाचतो आणि उरलेल्या धाकात राहतात, असा हिशेब होता.

खटल्यासाठी त्या मुलींचे जबाब हवे होते. घरोघरी नकार मिळाला. कोर्टात नाव आले तर मुलीचे लग्न कसे जमणार, हाच प्रश्न. पुढारी स्वतः ठाण्यात आले. क्लासचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले होते. त्यांनी प्रकरण ताणू नका म्हणून सांगितले. मी त्यांना चहा दिला आणि तपास चालू ठेवला.

त्या घरांमध्ये मग ती स्वतः गेली. आमच्या हवालदार बाई सोबत होत्या, त्यांनीच मला नंतर तिचे बोलणे ऐकवले. "सिम तुमच्या नावावर हाय. आज गप बसलात तर उद्या पोलीस तुमच्या दारात येतील, अन् तवा तुमचं कोण ऐकंल?" काही मुली आल्या. एकीचे वडील ठाण्याच्या फाटकापर्यंत तिला अडवत आले, तरी ती आत आली. दोषारोपपत्र दाखल झाले. खटला अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लॅपटॉप परत घ्यायला ती आली, तेव्हा बेडशीटच्या व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला ती पुन्हा हवी होती. तिने हिंदीत शांतपणे सांगितले की मला एक शब्द न विचारता ज्याने माझे नाव पोलिसांना दिले, त्याचे दुकान मी चालवणार नाही. फोन ठेवला आणि लॅपटॉपचे सील नीट तपासून मगच पोच लिहून दिली.

खबर मिळाली की आपण ती ज्याच्याबद्दल आहे त्याचे दार ठोठावतो. खबर देणाऱ्याला त्यात एवढा रस का, हे विचारायला आपण क्वचित थांबतो. आणि ज्या माणसाचे ताठ चालणे गावाला आधीच खुपते, त्याच्यावरच्या आळाला तर कोणी पुरावाही मागत नाही. नव्या अधिकाऱ्यांना मी हेच सांगतो.

मी निवृत्त होण्याच्या सुमारास तिने गिरणीच्या दारावर बोर्ड लावला, 'ऑनलाइन दुकानांची कामे शिकवली जातील', आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव. आजूबाजूच्या मुली तिथे येऊ लागल्या. पुढाऱ्यांनी मला फोन करून बोर्ड काढायला लावा म्हटले. मी म्हणालो, लेखी तक्रार द्या, आणि मुलीने आपल्या दारावर आपले नाव लावणे कोणत्या कलमाखाली गुन्हा आहे, तेवढे त्यात लिहा. मी खुर्ची सोडेपर्यंत ती तक्रार आली नव्हती.