आईच्या नावावरचा वर्ख

आमच्या आईनं शाळेत शिपाईबाई म्हणून सारी नोकरी काढली. तिथं निवृत्त होणाऱ्या गुरुजींना मानपत्र मिळतं, शिपायाला साडी आणि नारळ. माझं डोकंच फिरलं. हेडमास्तरांशी जाऊन भांडले. ते म्हणाले, "मग तुम्हीच लिहून आणा, निरोपाच्या दिवशी चार वाजता वाचतो. नाही आलं तर साडी-नारळ आहेच."

मानपत्रं लिहिणं हा माझा धंदाच. मजकूर आदल्या दिवशी झाला. आईचं नाव तेवढं वर्खानं मढवायचं राहिलं होतं. खऱ्या सोन्याचा वर्ख मला कुठला परवडायला? हा पितळेचा, पण दिसायला अस्सल. घरात पाचच पानं उरली होती.

एप्रिलचा शेवटचा दिवस, तोच आईच्या नोकरीचाही; हुडकेश्वरचं आमचं पत्र्याचं घर. आणि वर्खाला वारा चालत नाही. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. अक्षरांवर गोंद लावला. तो अर्धवट सुकून बोटाला चिकटायला लागला की वर्ख टेकवायचा. जरा उशीर झाला की संपलं. घाम कागदावर पडू नये म्हणून कपाळाला ओढणी बांधली होती. पहिलं पान चिमट्यात धरलं.

तेवढ्यात आई साडी बदलायला घरी आली. "काहून वं, कूलर बंद करून बसली? मरतं का उकाड्यात?" म्हणत तिनं दारातूनच बटण दाबलं.

"माय वं!" मी किंचाळले. पाचही पानं उडाली, फाटली, टेबलभर चुरा झाला. "अक्कल आहे का तुले?" आईला मी असं कधीच बोलले नव्हते. तिनं घाबरून कूलर बंद केला. मग तिला कागद दिसला. ती वाचायला उशिरा शिकली, वर्गाबाहेर स्टुलावर बसून. तिनं एकेक अक्षर लावत नाव वाचलं.

"माह्यं?"

"तुझंच. आणि गोंद सुकून राहिला."

सुकलेल्या गोंदावर तोंडाची वाफ सोडली की तो पुन्हा चिकट होतो. पण रडून रडून माझा श्वासच पुरेना. "सरक," आई म्हणाली आणि वाकून आपल्याच नावावर वाफ सोडू लागली. मी मऊ ब्रशनं एकेक तुकडा उचलून बसवत गेले. भेगा राहिल्या तिथं सोनेरी पूड भुरभुरली. साडेतीन वाजले. वरून वॉर्निश मारायला वेळच उरला नाही.

चार वाजता हेडमास्तरांनी मानपत्र वाचून आईच्या हातात दिलं. तिनं ते इतकं घट्ट धरलं की अंगठा नेमका नावावर. उघड्या पितळेला घामाचा हात लागला की ते काळं पडतं, हे मला ठाऊक होतं.

पावसाळा सरेस्तोवर तो अंगठा काळा उमटला, रेघा मोजता येतील असा. मी म्हटलं, "आई, दे इकडे. नवीन करून देते."

तिनं ते भिंतीवरून काढूच दिलं नाही. "राहू दे वं. नोकरीवर लागली तेव्हा अंगठाच लावला होता मी. आता अंगठ्याखाली नाव तं आहे."