घरी कोणाले बसवून आला?

घरात दुखणं मुक्कामाला आलं की त्याच्यासोबत किस्सेही येतात, फक्त ते सांगायला माणूस सापडत नाही. आमच्याकडे मात्र ढीग जमलाय.

अमरावतीत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी मी काही तरुण मुलामुलींना घेऊन बसते. सगळ्यांच्या घरी कोणीतरी कायमचं आजारी आणि त्यांचं सगळं करणारी ही विशी-पंचविशीतली पोरं. मी समुपदेशक, पण हाक ‘ताई’. नमस्कार-चमत्कार आमच्यात नसतो. दारातून आत येणाऱ्याला पहिला प्रश्न, “घरी कोणाले बसवून आला?”

खाली पेपर वाचणारे एक काका एकदा जिना चढून वर आले. म्हणाले, “ताई, आमच्या वाटचं बी तुमीच हसून राहिले. काय चालू असते इथं?”

* * *

पहिल्या बैठकीला मी अगदी पुस्तकातला प्रश्न विचारला होता. “या आठवड्यात स्वतःसाठी काय केलंत?”

शेवटी तिवशाचा मंगेश म्हणाला, “मी दाढी केली.”

मंगेशच्या वडिलांना लकवा झालाय. आई नाही. शेत आणि बाप दोन्ही तोच सांभाळतो. मला बरं वाटलं. म्हटलं, “छान. स्वतःसाठी वेळ काढलास.”

“वेळ काहाले काढा लागते? बाबाची केली, साबण उरला होता.”

तेव्हा जे हसू फुटलं, तिथून आमचा ग्रुप सुरू झाला.

* * *

वैभव अकोल्याहून येतो. त्याच्या धाकट्या बहिणीला, स्नेहाला, सिकलसेल आहे. अंगातलं पाणी कमी झालं की तिचे सांधे दुखायला लागतात. म्हणून हा रोज दुपारी मोठी बाटली घेऊन तिच्या कॉलेजच्या गेटवर हजर. ती समोर पाणी पिते, हा बघतो, मगच कामावर जातो. तिच्या मैत्रिणींनाही सवय लागली. हा दिसला की सगळ्याजणी आपापल्या बाटल्या उघडतात.

एक दिवस तिथे एक बाई आपल्या मुलीला न्यायला आल्या होत्या. त्या बराच वेळ हे बघत होत्या. मग वैभवजवळ येऊन म्हणाल्या, “भाऊ, आमच्या घरी बी रोजचा एक कॅन टाकत जा. पाणी थंड असते ना?”

वैभव म्हणतो, “ताई, नोकरी गेली तर धंदा तयार आहे.”

* * *

लकव्यानंतर मंगेशच्या बाबांकडे एकच शब्द उरला, “बराबर.” भूक लागली तरी बराबर, चहा पोळला तरी बराबर. कोणत्या बराबरचा अर्थ काय, ते मंगेश आवाजावरून ओळखतो.

त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक कडुनिंब आहे. बाबांनी लावलेला. त्याची सावली शेजारच्या शेतात, मंगेशच्या काकांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर पडते, म्हणून काकांना तो तोडायचा होता. ते दोन पाहुण्यांना साक्षीला घेऊन आले आणि खाटेजवळ बसले.

“भाऊ, धुऱ्यावरचं ते झाड तोडून टाकू ना?”

“बराबर.”

“ऐकलं ना तुमी?” असं पाहुण्यांना म्हणत काका उठायला लागले.

मंगेश बाजूला कप विसळत होता. त्याने तिथूनच विचारलं, “बाबा, काका येडा माणूस आहे का?”

“बराबर.”

पाहुणे हसले, मग काकाही हसले. झाड अजून उभं आहे. त्या दिवशी बाबांच्या ओठांची सुन्न बाजूसुद्धा हलली, असं मंगेश शपथेवर सांगतो.

* * *

याच मंगेशच्या जिवलग मित्राचं लग्न तेल्हाऱ्याला होतं. बाबांना लकवा झाल्यापासून मंगेश कुठे मुक्कामाला गेला नव्हता. “मी नाई जात,” म्हणून त्याने विषय संपवला होता. वैभव म्हणाला, “बाबाजवळ मी थांबतो. तू जाय.” मदतीला मीही तिवशाला गेले.

मंगेशच्या बसने गाव सोडलं आणि त्याचा फोन आला. “गोळी दिली का?” दिली. थोड्या वेळाने, “उशी डाव्या अंगाले आहे का?” आहे. अकोल्याला बस बदलताना पुन्हा, “बाबा नाराज तर नाई ना?” तेल्हाऱ्यात मित्राला हळद लागत होती, तेव्हाही हा फोनवरच.

वैभवने फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या हाताशी धरला.

“बाबा, मी वापस येऊ का?”

बाबांनी चांगल्या हाताचा अंगठा उचलला, नीट नेम धरला आणि फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी मंगेश वरातीत नाचला. व्हिडिओ आहे आमच्याकडे. त्याला नाचता येत नाही.

* * *

प्रज्ञा अमरावतीचीच. तिच्या आईचं डायलिसिस चालू आहे. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मशीनला लागलेल्या असतानाही त्या स्वस्थ नसतात. एकदा शेजारी वाकून काम करणाऱ्या तरुणाला त्यांनी गाव विचारलं, शिक्षण विचारलं, भावंडं विचारली. प्रज्ञा कानाशी कुजबुजली, “आई, तो मशीन दुरुस्त करायले आला.”

“मंग काय झालं? हाताले काम तर आहे.”

हा किस्साही मला नर्सकडून कळला. प्रज्ञा आमच्यात कधी बोलायचीच नाही. यायची, सगळ्यांसाठी चहा करायची, ऐकायची आणि जायची.

एका रविवारी दारात मावशीच उभ्या. एकट्या, ऑटो करून आलेल्या. प्रज्ञा घाबरून उठली. मी म्हटलं, “मावशी, या ना. पण इथे आजारी माणसाची काळजी घेणारे येतात.”

“मालूम आहे. मी बी घेतो ना काळजी, हिची.” आणि खुर्ची ओढून त्या बसल्या.

नव्या माणसाला विचारतो तेच मग मी त्यांनाही विचारलं, “सगळ्यात जड काय जातं?”

“डायलिसिसच्या आदल्या रात्री ही पोरगी झोपत नाही,” मावशी म्हणाल्या. “म्हणून मी झोपेचं सोंग करतो. घोरतो बी. मंग हिले झोप लागते.”

प्रज्ञा आईकडे वळली. “ते घोरणं खोटं असते?”

“मंग?”

“आई, तू घोरली की मी बी सोंगच घेतो. तुले वाटावं, मी झोपली म्हणून.”

मावशींनी खुर्ची लेकीच्या जवळ ओढली. मग म्हणाल्या,

“दोघी बी जाग्याच होतो, तर पत्ते तरी खेळलो असतो ना, पोरी.”