रिळाच्या चाकांचा डबा

अठ्ठावन्न सालच्या ज्येष्ठात दिग्रसच्या आमच्या घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, पावसाआधी फेरायला काढली, तेव्हा भिंतीच्या माथ्यावर, वाशांच्या आड, एक लाकडी वस्तू सापडली. कवेलू फेरणाऱ्या माणसाने ती शिडीवरूनच सासूबाईंच्या हातात दिली. वीतभर लांब फळी, तिच्याखाली चार चाकं आणि फळीच्या एका टोकाला उभ्या चार बारीक काड्या. वर आणखी काहीतरी असावं, पण ते वाळवीने खाऊन टाकलं होतं. मातीचे पोपडे तेवढे उरले होते.

सासूबाईंनी ती पदराने पुसली. "तान्ह्या पोयाचा बैल हाय हा," त्या म्हणाल्या. "त्याचा."

त्याचा म्हणजे माझ्या यजमानांचा. ते आदल्या उन्हाळ्यात तापाने गेले होते. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, आणि घरात आम्ही तिघंच होतो: सासूबाई, मी आणि माझा सात वर्षांचा मुलगा.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा, तान्हा पोळा, भरतो. चाकं लावलेल्या फळीवर लाकडी बैल उभा असतो, त्याला दोरी बांधून मुलं तो ओढत नेतात, घरोघरी त्याची पूजा होते आणि मुलांच्या हातावर खाऊ किंवा पैसा पडतो. आदल्या वर्षी आमच्या घरी सणवार नव्हता. माझा मुलगा दारात उभा राहून दुसऱ्यांचे बैल बघत होता. या वर्षी त्याने बापाचाच बैल घेऊन जायचं, हे सासूबाईंनी तिथेच, शिडीखाली उभ्या उभ्या ठरवलं. बैलाचं धड वाळवीने खाल्लं होतं, पण चार पाय तर शाबूत होते. सुताराकडून वर नवं धड बसवून घ्यायचं, एवढाच प्रश्न होता.

मलाही त्या वेळी तो बैलच वाटला. कुणालाही वाटला असता. शेजारच्या खोलीत एक बंजारा कुटुंब भाड्याने राहत असे. घरधनी कापसाच्या जिनात कामाला होता. त्याची मुलगी माझ्या मुलाच्या बरोबरीची होती. तिने ती फळी बघितली आणि माझ्या मुलाला म्हणाली, "तुहा बैल पाय ठेवून पयून गेला का रे?" मुलगा रुसला. सासूबाई मात्र वर्षभराने पहिल्यांदा हसल्या.

फळी सुताराकडे गेली. चार-आठ दिवसांनी शाळेतून येताना मी त्याच्या दुकानी थांबले, तर त्याने ती पुढे केली आणि अडचण सांगितली. चाकं नीट नव्हती, जमिनीवर ओढली की गाडी तिरकी जायची. दोऱ्याची लाकडी रिळं मधोमध कापून ती चाकं केलेली होती, त्यामुळे प्रत्येक चाकाला एका बाजूने उंच काठ होता. तो काठ छिलून टाकतो, त्या काड्याही एका टोकाला जमा झाल्या आहेत, त्या काढून फळीच्या मध्ये लावतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मी फळी हातात घेऊन उलटी केली. चारही चाकांचे काठ आतल्या बाजूला होते. रिळाची अर्धी फोड कशीही बसवता येते, एखादी आत, एखादी बाहेर. इथे चारही आत होत्या, आणि आसाला खिळे मारून पक्क्या केल्या होत्या. फळीच्या दोन्ही टोकांना, बरोबर मधोमध, तारेचे आकडे होते. बैलाला दोरी पुढून बांधतात. मागे आकडा कशाला लागतो?

मी सुताराला म्हटलं, सध्या काही करू नका. फळी पिशवीत घालून मी घरी आले, आणि सासूबाईंना सांगितलं की हा बैल नसावा, आगगाडीचा डबा असावा.

त्यांना ते आवडलं नाही. रिळाची चाकं आहेत, रिळाला काठ असणारच, त्यात काय वाचायचं आहे, असं त्या म्हणाल्या. माझ्या पुस्तकं वाचण्यावर त्यांचा राग कधीच नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी तेही काढलं. त्यांच्या मुलाची एक वस्तू त्यांना परत मिळाली होती, आणि मी ती बदलायला निघाले होते. मला हे कळत होतं. तरीही मी फळी परत दिली नाही.

"पोयापर्यंत दाखव मले," शेवटी त्या म्हणाल्या. "नाही दाखवलं, तर मी सुताराकडून बैल बसवून घेईन."

माझ्या हट्टाला आणखी एक कारण होतं. गावाबाहेर मातीचा एक लांब बांध आहे. दारव्ह्याहून पुसदला जाणारी छोटी गाडी पूर्वी त्यावरून धावत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूळ उचलून नेले आणि बांध तेवढा राहिला. लग्नानंतर संध्याकाळी यजमान मला तिथे फिरायला नेत. ते फार बोलणारे नव्हते. पण बांधावर चढलं की चालता चालता मध्येच थांबत, आणि इथून गाडी दिसायला लागायची, असं सांगत. आपण लहानपणी गाडीचा डबा बनवला होता हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तो त्यांनीच बनवला असेल, तर त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला अजून कळायची होती. ते गेल्यावर कळायचं काही शिल्लक राहिलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. सुताराची पटाशी लागली की तीही गेली असती.

शाळेतल्या कपाटात विज्ञानाची पुस्तकं होती. त्यांत रुळावरच्या चाकाचं चित्र मिळालं. काठ आतल्या बाजूला असतो, म्हणून चाक रुळावरून उतरत नाही. सासूबाईंनी चित्र बघितलं, पुस्तक मिटलं आणि चार पायांचं काय, असं विचारलं.  मालाच्या डब्याला काड्या नसतात, माणसांच्या डब्यालाही नसतात. चित्रांतल्या सगळ्या गाड्या मोठ्या होत्या आणि परदेशातल्या होत्या.

मग मी ठरवलं की दारव्ह्याला जायचं. तिथून यवतमाळची छोटी गाडी अजून जाते. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही फळी घेऊन बसने निघालो: मी, मुलगा, शेजारची मुलगी आणि सासूबाई. त्या येणार नाही म्हणत होत्या. बस सुटायच्या आधी मात्र लुगडं बदलून, पिशवीत पोळ्या बांधून आल्या. दोन मुलं बरोबर आहेत, त्यांना सांभाळायला कुणी हवं, असं त्यांनी कारण दिलं.

मुलांनी आगगाडी कधी पाहिली नव्हती. फलाटावर बसून दोघं रुळांत वाकून बघत होती, आणि मी त्यांना मागे ओढत होते. इंजिन लांबून शिट्टी देत आलं तेव्हा शेजारची मुलगी माझ्या मागे लपली. माझा मुलगा हलला नाही. डबे एकामागून एक समोरून सरकले आणि गाडी थांबली. मी मुलाला घेऊन चाकांजवळ गेले, वाकले आणि काठ दाखवला. आतल्या बाजूला. त्याने फळी उलटी केली, चाकाकडे बघितलं, पुन्हा फळीकडे बघितलं. दोन डब्यांच्या मध्ये एकच मोठा आकडा होता, मधोमध. त्याने फळीवरचा आकडा बोटाने चाचपला. 

सासूबाई आमच्याबरोबर नव्हत्या. वळून बघितलं तर त्या गाडीच्या अगदी शेवटाकडे चालत गेल्या होत्या. मी मुलांना घेऊन तिकडे गेले. शेवटच्या डब्याला मागे एक छोटा ओटा होता, त्याच्यावर छप्पर आणि छपराला चार खांब. गार्ड तिथे उभा राहून हातातली हिरवी झेंडी गुंडाळत होता. सासूबाई त्या खांबांकडे बघत होत्या.

"हे पाय हायेत," त्या म्हणाल्या.

मी फळी त्यांच्यासमोर धरली. एका टोकाला चार काड्या, बाकीची फळी मोकळी. डब्याचं बंद अंग वाळवीने खाल्लं होतं आणि ओट्याचे खांब तेवढे राहिले होते. गार्डने काय आहे म्हणून विचारलं. मुलाने फळी उंच करून दाखवली. गार्ड हसला, आणि हा माझाच डबा आहे म्हणाला. मग शिट्टी वाजली आणि गाडी निघाली. तो ओट्यावर उभा राहून मुलांना झेंडी दाखवत गेला.

 परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी फळी मागून घेतली आणि फळीच्या काठावर अंगठा फिरवला. तिथे एक छोटं भोक होतं, मला त्याचा अर्थ लागला नव्हता. पाटीच्या चौकटीची पट्टी आहे ही, त्या म्हणाल्या. भोकात पाटी पुसायची चिंधी बांधतात. त्यांचा मुलगा तिसरीत असताना त्याच्या पाट्या सारख्या फुटायच्या. सासऱ्यांनी त्याला मारलं होतं. पाटी फुटते तशी फुटते, पण चौकट कुठे जाते, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. शाळा सुटली की तो बांधावर जाऊन बसायचा. संध्याकाळच्या गाडीचा गार्ड त्याला झेंडी दाखवायचा, तेवढ्यासाठी. त्या स्वतः त्याला शोधायला जायच्या, तेव्हा त्यांनी ते पाहिलं होतं.

"मार खाण्याच्या भेवानं लपवला असन वर," त्या म्हणाल्या. "मले तरी सांगायचं."

 मलाही यजमानांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आपणहून सुताराकडे गेल्या आणि नव्या फळीवर नवा बैल करायला सांगून आल्या. डबा माझ्या पुस्तकांच्या फळीवर आला. पण मुलं तो तिथे राहू देईनात. तो चालला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मातीत तो चालणार नव्हता. त्याला रूळ हवे होते.

कापसाच्या गासड्या लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. शेजारच्या मुलीच्या वडिलांनी जिनातून तुटलेल्या पट्ट्या मागून आणून दिल्या. सुताराने बांबूच्या चिपांना खाचा पाडून दिल्या. त्या खाचांत मी पट्ट्या उभ्या धारेवर बसवल्या. पहिल्या वेळी दोन पट्ट्यांतलं अंतर जास्त झालं आणि डबा मध्येच कोसळला. दुसऱ्या वेळी वळणावर अडकला. एका पट्टीने माझं बोट कापलं. सासूबाईंनी हळद लावून चिंधी बांधली, आणि हे कायले करून राह्यली, एवढंच विचारलं. शाळेतून आलं की चहा घेऊन मी घरापुढच्या ओट्यावर बसायची. मुलं चिपा हातात द्यायची. अंतर मोजायला आम्ही शेवटी डब्याचीच चाकं वापरली. प्रत्येक चिपेवर डबा ठेवून बघायचा आणि मगच पुढची लावायची. पोळ्याच्या आधी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ झाले, आणि बोटाने ढकललेला डबा न उतरता पलीकडे गेला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुलगा नवा बैल घेऊन गल्लीभर फिरला. शेजारची मुलगी त्याच्याबरोबर होती, तिच्या हातात डबा. घराघरांत बायकांनी बैलाला कुंकू लावलं, आणि हे काय म्हणून डब्याला हात लावून बघितलं. हा गार्डचा डबा, माझ्या बाबांनी केलेला, असं माझा मुलगा प्रत्येक दारात सांगत होता. एका घरी डब्यालाही कुंकू लागलं.

संध्याकाळी दोघं ओट्यावर रुळांशी बसली. पुठ्ठ्याचं एक इंजिन त्यांनी केलं होतं. त्याच्यामागे डबा जोडायचा की पुढे, यावर त्यांचं भांडण जुंपलं. डबा आधीचा, म्हणून तो पहिला, असं मुलाचं म्हणणं. मी म्हटलं, गार्डचा डबा नेहमी सगळ्यांत शेवटी लागतो, दारव्ह्याला पाहिलंत ना.

सासूबाई दाराशी बसून ऐकत होत्या. "मंग याच्या पुढची गाडी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"करायची आहे," मी म्हटलं. "कापसाचे डबे, माणसांचे डबे. सगळी."

त्या उठून आत गेल्या आणि शिवणाची पेटी घेऊन आल्या. दोन रिळं काढली. एकावर पांढरा दोरा होता, एकावर काळा, दोन्ही भरलेली. त्यांनी मुलांना पुठ्ठ्याचे दोन तुकडे मागितले, एक माझ्या हातात दिला, आणि रीळ रिकामं करायला त्या दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळू लागल्या.