दोन पावरवाल्या

मंडळी, मी पोलादपूरचा मेडिकलवाला. आज दुपारी संतोष दुकानात आला. वरच्या वाडीतला, मुंबईला कामाला असतो. त्याच्या आईच्या पायाला कोयती लागली होती. महिनाभर माझ्या गोळ्या खाऊनही जखम चिघळली, म्हणून त्याने तिला मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं होतं.

"आयचा पाय गुडघ्यातनं कापला," म्हणत त्याने मोबाईल पुढे केला. "ह्यो रिपोर्ट. कॉम्प्युटरनं जंतूची कुंडली काढली हाय."

म्हणजे जखमेतल्या जंतूचा डीएनए वाचला आणि कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते एआयने सांगितलं. यादीतल्या पहिल्या पाच औषधांपुढे एकच शेरा होता: चालणार नाही.

पाचही माझ्या फळीवरची. मीच दिलेली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, 'पावरवाल्या गोळ्या' म्हणून, पट्टीतून दोन-दोन कापून. त्यातलीही एक गोळी म्हातारी स्वतः खायची आणि दुसरी शेजारणीला द्यायची, विरजण दिल्यासारखी.

सहावं औषध लागू पडलं. त्याने उरलेली म्हातारी वाचली.

मला वाटलं, आता हा माझ्या कानाखाली काढणार. मी गाल तयार ठेवला. संतोष नुसता खाकरला.

"दादा, घसा धरलाय. दोन पावरवाल्या द्या ना."

आणि माझ्या हातात कात्री आलेलीसुद्धा होती.

दिल्या की नाही, ते मला विचारू नका. तुमच्या मेडिकलवाल्याने तुम्हाला शेवटच्या दोन कधी कापून दिल्या, तेवढं सांगा.